टेबल नंबर सात

सोलापूर
४ ऑगस्ट २०२५

सौ. राजश्री हिस,
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून नातेपुत्याचा पत्ता केराबाईकडून घेतला. ती अजून आपला हॉल झाडते आणि अजून सगळ्यांची खबर ठेवते. पत्ता देण्याआधी "कशाला पायजे?" असं तिने मला दोनदा विचारलं. या कारखान्यात मला बावीस वर्षं झाली, पण असं विचारायची हिंमत तिचीच. तू तिथे शिवणाचे क्लास घेतेस असं ती म्हणाली. चांगलं आहे. तुझा हात पहिल्यापासून सरळ.

आता कामाचं. पुण्याहून एचआरला निवेदिता नावाची नवी मॅडम आली आहे. वय तुझ्याएवढंच असेल. आपल्या टॉवेलचं नवीन युनिट सुरू होतंय. तिथे तपासणीला चाळीस मुली येणार आणि त्यांच्यावर इन्चार्ज कोण, हे ठरायचं आहे. त्यासाठी तिने आम्हा सुपरवायझरांकडून एक फॉर्म भरून घेतला. वर 'भावनिक बुद्धिमत्ता' असं छापलं होतं. खाली तीस वाक्यं. 'समोरच्याच्या मनात काय चाललं आहे हे मला न सांगता कळतं', अशा प्रकारची. प्रत्येकापुढे एक ते पाच यातला आकडा लिहायचा. मी दहा मिनिटांत भरला. दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस झाले. फुगवून लिहिलं नव्हतं. खरोखर तसं वाटलं म्हणून लिहिलं.

मग तोच फॉर्म तिने माझ्याबद्दल हॉलमधल्या मुलींकडून भरून घेतला, नावं न टाकता. त्यांची सरासरी आली अडुसष्ट. निवेदिता म्हणाली, एवढा फरक दुसऱ्या कुणाचाच नाही. माझ्या मते मुलींनी राग काढला. गेल्या महिन्यात मी त्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले होते.

काम सोडून गेलेल्या एकीचं मतही चालतं असं ती म्हणाली. मी तुझं नाव दिलं. विचार करावा लागला नाही. तुझ्यावर वाईट वेळ आली तेव्हा मी तुझी जेवढी काळजी घेतली तेवढी कुणाची घेतलेली नाही, हे तुलाही ठाऊक आहे. फॉर्म आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. जे खरं असेल ते लिही.

हॉल तसाच आहे. काचेखाली दिवे असलेली टेबलं तीच. नियमही तोच, एका टेबलाने पास केलेला टॉवेल दुसऱ्या टेबलाने पुन्हा बघायचा, आपला माल आपण पास करायचा नाही. माझी नक्कल करून तू हे म्हणायचीस, ते मला माहीत होतं.

आमच्याकडे घरी सगळं ठीक.

सौ. हेमावती


२१ ऑगस्ट २०२५

राजश्री हिस,

फॉर्म मिळाला. एकोणतीस वाक्यं कोरी आहेत. फक्त चौदाव्या वाक्यापुढे, 'दुःखात असलेल्या सहकाऱ्याला माझा आधार वाटतो', तिथे तू एक लिहिला आहेस आणि समासात 'टेबल नंबर सात'. दुसरं काही नाही. सही नाही.

निवेदिताला मी तो दाखवला नाही. अजून आला नाही असं सांगितलं.

तू विसरली असशील तर आठवण करून देते. तुझा भाऊ सुमित २०२३ च्या ३० ऑक्टोबरला हायवेवर अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता. तू पंधरा दिवसांनी कामावर आलीस. पहिल्याच दिवशी भार्गवीने तुला "कसं झालं गं?" म्हणून विचारलं आणि तू हातातला टॉवेल तोंडाला लावून रडलीस. मी केबिनच्या काचेतून पाहिलं. लगेच तुला सात नंबरला हलवलं. रॅकच्या मागे, खिडकीपाशी, नमुन्याच्या मालासाठी ठेवलेलं टेबल. तिथे कुणी फिरकत नाही. मग सगळ्या मुलींना केबिनमध्ये बोलावून ताकीद दिली, की तिला कुणी काही विचारायचं नाही, तिच्याकडे जायचं नाही, तिला एकटी राहू द्या. तीन महिने मी हे कडकपणे पाळून घेतलं. भार्गवी एकदा तुझ्याकडे निघाली होती, तिला मी अर्ध्यातून परत फिरवलं.

हे मी माझ्या हौसेने केलं का? माझी आई गेली तेव्हा मी नववीत होते. मैंदर्गीच्या आमच्या घरात महिनाभर बायका यायच्या आणि जी ती मला पहिल्यापासून सांगायला लावायची. शेवटचं पाणी कुणी पाजलं, काय बोलली. मी माळ्यावर जाऊन बसायचे. मला तेव्हा कुणी सात नंबरचं टेबल दिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

आणि तू फेब्रुवारीत गेटवर राजीनामा ठेवून निघून गेलीस. माझ्यासमोर उभी राहिली नाहीस. त्यावर मी कुणाला एक शब्द बोलले नाही.

मी स्वतःही अशीच राहते. शांतपणे. हल्ली घरी रेडिओसुद्धा लावत नाही. त्याने माझं काही बिघडलेलं नाही.

तो एक कशासाठी, तेवढं कळव. तेवढा माझा हक्क आहे असं मी समजते.

सौ. हेमावती


६ सप्टेंबर २०२५

राजश्री,

तुझं पत्र मंगळवारी आलं. केबिनमध्ये वाचायला घेतलं, घरी जाऊन संपवलं. एवढंसं पत्र, पण एका बैठकीत होईना. तुझी वाक्यं मी खाली पुन्हा लिहिते, कारण ती मी नीट वाचली हे तुला कळावं.

"मॅडम, जयभीम. सुमित गेला आणि तुम्ही मला उचलून रॅकच्या मागे बसवलंत. का, ते सांगितलं नाही. आधी आम्ही चौघी एका टेबलावर जेवायचो, एकमेकींच्या डब्यात हात घालायचो. त्या दिवसापासून माझ्या डब्यात कुणाचा हात आला नाही. तीन महिने. माझ्या आजीने हे तिच्या शाळेत बघितलं होतं. तिच्याकडून ऐकताना मला वाटायचं, आपण सुटलो. आपला माल आपण पास करायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून मी एक लिहिला."

यावर मी आधी चार पानी उत्तर लिहिलं होतं. त्यात सगळी माझी बाजू होती. ते पाठवत नाही.

दुसऱ्या दिवशी केराबाईला विचारलं. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"अक्का, खरं सांगू का तुमाला बरं वाटंल असं सांगू?"

"खरं सांग."

"मग खाली बसा की. उभ्यानं न्हाय ऐकायचं हे."

मी बसले. ती म्हणाली, "तुमी पोरींना सांगितलं, तिकडं जाऊ नका. पोरी न्हाय गेल्या. तुमचा शब्द कोण मोडणार? ती रोज डबा उघडायची, हिकडं बघायची, परत झाकण लावायची. लई दिस मी बघितलं."

"पण मी तिच्यासाठीच केलं होतं."

"व्हय की. तिला कुटं सांगितलं तसं?"

खरंच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तुला कळलं असेल.

"मग तू मला तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हटलं.

"तुमी इचारलं कुटं?" ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक पाळत नाहीत, विटाळ मानत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्याचा मला मनातून अभिमान होता. त्यामुळे तुला एकटं बसवण्याचा असा अर्थ होऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या डोक्यात ते पहिल्या दिवशीच आलं असणार. तुला ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

आता एक सांगायचं राहिलं आहे. मागच्या दोन्ही पत्रांवर मी नावाआधी सौ. लिहिलं. घरी सगळं ठीक असंही लिहिलं. ते खरं नव्हतं. आमचे हे, शिवप्पा, यंदा ९ फेब्रुवारीला गेले.

तुला न सांगायचं कारण काही नव्हतं. फक्त लिहायला घेतलं की हात सवयीने सौ. लिहायचा आणि मी ते खोडायचे नाही.

मी वीस दिवसांनी कामावर आले. माझ्या हॉलने मला सात नंबरलाच बसवलं. म्हणजे मी माझ्या केबिनमध्येच होते, पण मी टेबलाजवळ गेले की मुली बोलायच्या थांबायच्या. चहा आत यायचा, झाकून, टेबलाच्या कडेला ठेवला जायचा. कुणी शिवप्पांचं नाव काढलं नाही. आधी मला वाटलं, मुली शहाण्या झाल्या, माझं शिकवलेलं वाया गेलं नाही. नंतर बसमधून घरी जाताना वाटायला लागलं, यांना माझं काहीच नाही का? बावीस वर्षांत एकीलाही विचारावंसं वाटू नये? मी मनातून त्यांच्यावर चिडून होते. त्या मात्र मी घालून दिलेला नियम पाळत होत्या.

राजश्री, तुझं चुकलं नाही. माझं चुकलं. तुझ्याकडून माफीचं पत्र यावं म्हणून हे लिहीत नाही. पण तू काही लिहिलंस तर मी ते वाचेन, आणि उत्तर लिहिण्याआधी एक दिवस थांबेन.

हेमावती


२४ सप्टेंबर २०२५

राजश्री,

तुझं कार्ड आलं. "अक्का, काका कसे गेले? आम्हाला गेटवर पेरू आणून द्यायचे ते. मला कुणी कळवलं नाही."

मॅडमच्या जागी अक्का आलं, ते मी पाहिलं.

साडेसात महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नातेवाइकांनी विचारला असेल, पण तेव्हा मी मुलाला पुढे करत होते. तो आता बंगळुरूला परत गेला. म्हणून हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे. नीट येईल की नाही ठाऊक नाही.

रविवार होता. ते सकाळी मैंदर्गीला शेतावर गेले होते, दुपारी परत आले. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, हातपाय धुऊन घ्या. ते मोरीकडे गेले नाहीत, खुर्चीत बसले. मी समोर जमिनीवर शेंगा सोलत बसले. शेंगा कोवळ्या आहेत, आमटी करू की उकडू, असं काहीबाही मी बोलत होते. ते उत्तर देत नव्हते. ते कमी बोलायचे, मीही कमी बोलणारी, त्यामुळे वेगळं वाटलं नाही. निम्म्या शेंगा सोलून झाल्यावर मी वर पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, बसल्या क्षणीच गेले असतील. मी काही करू शकले नसते. पण मी तेवढा वेळ त्यांच्याशी बोलत होते, आणि मला वाटत होतं ते ऐकताहेत. आणि सहा महिन्यांनी मी फॉर्मवर, समोरच्याच्या मनातलं मला न सांगता कळतं, यापुढे पाच लिहिले. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.

हे लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले. बरं वाटलं. मी तुला ज्यापासून वाचवत होते, ते हेच होतं.

माझ्या आईच्या वेळी बायका विचारायच्या ते मला नको होतं, हेही खरं आहे. तुला भार्गवीने विचारलेलं हवं होतं की नको, हे मी तुला विचारायला पाहिजे होतं. तेवढंच काम होतं. मी ते सोडून बाकी सगळं केलं.

आणखी एक. तुझ्या पत्रानंतर मी स्वतःला विचारलं, की भार्गवीचा भाऊ गेला असता तर मी तिलाही रॅकच्या मागे बसवलं असतं का? हो, असं उत्तर आलं. मन साफ आहे, असंही आलं. पण हा माल मीच तपासलेला आहे. त्यामुळे ते उत्तर मी तुझ्यापुढे पुरावा म्हणून ठेवत नाही. एवढं मात्र नक्की, की तू इथे होतीस त्या पाच वर्षांत मी तुमच्या टेबलावर एकदाही जेवायला बसले नाही. सुपरवायझरने मिसळू नये म्हणून, असं मी म्हणायचे.

तुझा फॉर्म मी निवेदिताला दाखवला. आला नाही असं खोटं बोलले होते, तेही सांगितलं. तिने त्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, मी स्वतः हा फॉर्म भरला तेव्हा मला एकशे चव्वेचाळीस आले होते."

"तुमच्याबद्दल कुणी भरला?" मी विचारलं.

"माझ्याबद्दल कोण भरणार? फॉर्म तर मीच वाटते."

आम्ही दोघी हसलो. फॉर्म वरून आलेला आहे, ती तो बंद करू शकत नाही. पण नव्या युनिटचं ठरवताना माझा एकशे एक्केचाळीसचा कागद बाजूला ठेवा, मुलींचा बघा, असं मी तिला लेखी दिलं.

गेल्या आठवड्यात मी एक प्रयत्न केला. तीन नंबरवर भार्गवी सारखी डोळे पुसत होती. मी मनात वाक्य जुळवलं, जाऊन तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "भार्गवी, तुला काही सांगावंसं वाटतं का?"

ती घाबरली. "अक्का, कापसाची लव गेली डोळ्यात."

सगळा हॉल हसला. केराबाई तर झाडू धरून हसत होती. "अक्का, आदी डोळा तरी बघायचा की तिचा!"

मला लाज वाटली, पण मीही हसले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भार्गवी आपणहून केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काल लवच होती. पण आज सांगायचंय." काय ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मी फक्त ऐकलं. मध्ये एकदा विचारलं, "मी काही करायचंय, का नुसतं ऐकायचंय?" ती म्हणाली, नुसतं ऐका.

हेमावती


१३ ऑक्टोबर २०२५

राजश्री,
जयभीम.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. मागच्या पत्रासोबत ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मवर या वेळी तू सगळी तीस वाक्यं भरलीस. चौदाव्यापुढे दोन. खाली लिहिलंस, "एक पत्रांचा, एक केराबाईचा." केराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, तिचा एक तिला वेगळा काढून द्या, ती फॉर्म भरत नसली म्हणून काय झालं.

निवेदिता म्हणाली, दोन हा काही चांगला आकडा नाही. मी म्हटलं, जाऊ दे तसाच. दोन महिन्यांपूर्वी एक होता.

नवीन युनिटचं जानेवारीत ठरणार. मी जाईन असं सगळ्यांना वाटतं. मला घाई नाही. केराबाईने तिचं मत दिलंच, "तुमी गेला तर आमाला नवी शिकवायला लागंल. तुमी आत्ता कुटं जरा शिकलाय."

सात नंबरचं टेबल आता रॅकच्या मागे नाही. मागच्या सोमवारी मुलींनी आणि मी ते ओढून पुढे आणलं. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला आहे. मालासाठी ते वापरत नाही. जेवायला वापरतो. पहिले दोन दिवस मी बसले की सगळ्या मुकाट्याने जेवायच्या. तिसऱ्या दिवशी भार्गवीने माझ्या डब्यातली शेंगाची चटणी न विचारता घेतली आणि म्हणाली, "अक्का, यात लसूण कमी आहे." मला फार बरं वाटलं. लसूण कमीच होता. शिवप्पांना लसूण चालायचा नाही, म्हणून अजून हात आखडतो. हे मी तिथे सगळ्यांसमोर बोलले. कुणी गप्प बसलं नाही. एकीने विचारलं, "मग काकांना काय आवडायचं?" आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आम्ही त्यावरच बोललो.

तू लिहितेस की ३० तारखेला सुमितच्या स्मृतिदिनासाठी सोलापूरला माहेरी येणार आहेस, आणि दुपारी हॉलमध्ये आलं तर चालेल का. गेटवर तुझं नाव देऊन ठेवलं आहे. मुलींना सांगितलं आहे की तू येणार. त्यांनी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे या वेळी मी काही सांगितलेलं नाही.

मी तुला सुमितबद्दल विचारणार आहे. दोन वर्षं उशिरा. नको वाटलं तर तसं सांग, मी थांबेन. सांगावंसं वाटलं तर जेवढं सांगशील तेवढं ऐकेन.

सुट्टी साडेबाराला होते, तुला माहीत आहे. येताना डबा घेऊन ये. मी त्या दिवशी माझा आणणार नाही.

तुझी,
हेमाक्का